खुर्चीवरचा कोंडूआजा

प्रणितच्या हिशेबात गिऱ्हाइकांचे दोन प्रकार होते. एक, जे भाव विचारून जातात. दुसरे, जे भाव विचारतात, वस्तू उघडतात, वास घेतात, बरोबरच्या माणसाला दाखवतात आणि मग जातात. माधुरीसाठी त्याला तिसरा प्रकार उघडावा लागला होता. ही बाई पेनांना पाणी पाजायची.

"आली पाणीवाली," तिची सावली काउंटरवर पडताच तो म्हणाला. "आज बाटली आणली का नळ सोडू?"

"आणलीय," माधुरी म्हणाली आणि पिशवीतून बाटलीबरोबर स्टीलची एक डबीही काढली. झाकण उघडल्यावर प्रणितने मान मागे घेतली.

"हे काय?"

"हळद. तेलात कालवलेली."

"दुकान हाय हे, मांडव नाय. माझ्या काउंटरला डाग पडला तर?"

"शेठ, काउंटरवर आधीच इतके डाग हायेत. हळदीचा पडला तर तेवढा एक तरी शुभ."

मुरबाड स्टँडसमोरच्या ह्या दुकानात पुढे वह्या, पेनं, रंग आणि मागे फ्लेक्स छापायचं मशीन होतं. तालुक्यातले वाढदिवस, बारशी, दहावी, निवडणुका, सगळं त्या मशीनच्या तोंडातून बाहेर पडायचं. त्यामुळे हाताने चित्रं काढून लग्नांत मिरवणारी ही सापगावची पोरगी प्रणितला डोळ्यांसमोर नको असे. तरी तो तिला पेनं विकायचा. वैऱ्याची नोट खोटी नसते, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. आणि माधुरी त्याच्याकडेच यायची, कारण तिच्या जवळच्या शहापुरात ही पेनं मिळत नसत आणि ऑनलाइन मागवलेलं पेन आधी भिजवून बघता येत नसे. दोघांचं एकमेकांवाचून अडत होतं, म्हणून दोघांनाही एकमेकांचा जास्तच राग होता.

ह्या वेळी नुसत्या पाण्यावर भागणार नव्हतं. त्याला कारण टोकावड्याची हौसाआत्या.

टोकावड्याच्या अक्षयचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या घरची रीत अशी, की नवऱ्या मुलाला लागण्याआधी हळद देवाला लागते आणि देवानंतर घरातल्या गेलेल्या माणसाला. त्याच्यासाठी मांडवात खुर्ची मांडायची, खुर्चीवर फोटो ठेवायचा आणि फोटोच्या कपाळाला हळद लावायची. अक्षयचा आजा कोंडू वारला होता. जन्मभर शेतात नि रानात हिंडलेला माणूस. त्याचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. त्यात तो कोंबडी चोरताना सापडल्यासारखा दिसत होता. अक्षय म्हणाला, माझा आजा असा नव्हता, तो मयताला गेला तरी लोकांना हसवून यायचा, मला तो आजा खुर्चीवर पायजे. मित्राच्या फोनवर त्याने माधुरीची कार्टूनं पाहिली होती. तो थेट सापगावला तिच्या दारात येऊन उभा राहिला.

माधुरीला हे काम हवंच होतं. तिच्या भावाने आटगावजवळच्या गोदामात तिच्यासाठी जागा सांगून ठेवली होती, खोक्यांवर स्टिकर चिकटवायची. घरात बरीच भांडाभांडी होऊन शेवटचं ठरलं ते असं: ह्या लग्नात चित्र खुर्चीवर बसलं, तीन गावांनी पाहिलं, पुढची कामं आली, तर तिने काढावीत चित्रं. नाही बसलं तर सोमवारपासून गोदाम.

आणि खुर्चीची चावी होती हौसाआत्याकडे. कोंडूची थोरली लेक, अक्षयची आत्या, मानाची पहिली हळद तिच्या हातची. माधुरी पेन्सिलीचं कच्चं चित्र दाखवायला टोकावड्याला गेली, तेव्हा आत्याने ते हातात घेतलंच नाही. लांबून बघितलं, जसं साप गेलाय का हे बघतात.

"हे माझ्या बापाचं नाक?"

"आत्या, तेवढंच होतं," अक्षय म्हणाला.

"तू गप रे. ह्याच्याहून मोठं होतं. म्हणून काय चव्हाट्यावर मांडायचं? पंचांत बसणारा माणूस तो. हिनं त्याला बोहाड्यातलं मुखवट्याचं सोंग केलंय."

"सोंग नाय, आत्या. हसरा काढलाय," माधुरी म्हणाली.

"तुझ्या बापाचा काढ हसरा."

"माझा बाप हसत नाय."

चुलीपाशी बसलेल्या बायका फिसकन हसल्या. आत्याने ते हसू मुकाट्याने माधुरीच्या नावावर मांडून ठेवलं; वसुली पुढे होती.

"फ्रेमीत घालून आणशील?"

"हो. काच लावून."

"काचेला हळद लावू मी? काच आलीय लग्नाला? माझं बोट कपाळाला लागलं पायजे. आणि हळद लागून रंग ओघळला, तर चित्र चुलीत नि तू मांडवाबाहेर."

"हळदीशिवाय आणखी काय काय लागतं चित्राला?" माधुरीने विचारलं. काम म्हणजे काम. शिव्यांतूनही माप घ्यावं लागतं.

आत्याने बोटं मोडल्यासारखी मोजली. तेल, हळद, पाणी, कुंकू, ओल्या अक्षता. बायकांच्या हातून जे जे जातं ते सगळं तिने सांगितलं. पुरुषांच्या हातून काय जातं, ते सांगायचं तिच्या मनातही आलं नाही.

तर त्या यादीतलं सगळं आता डबीत नि बाटलीत घेऊन माधुरी प्रणितच्या काउंटरला टेकून उभी होती.

प्रणितने तीन ब्रशपेनं पुढ्यात टाकली. पहिल्याचं टोक स्पंजासारखं, चार रेघा ओढल्या की फिसकारणारं. माधुरीने ते बाजूला सारलं. दुसऱ्याला खरे केस होते. हात दाबला की रेघ म्हशीच्या पाठीसारखी रुंद, उचलला की शेपटासारखी बारीक. कोंडूआजाच्या मिशीला अशीच रेघ हवी होती. तिने कागदाच्या चिठोऱ्यावर एक मिशी काढली, सुकू दिली, ओलं बोट फिरवलं. मिशी गालभर पसरली.

"दाढी आली," प्रणित म्हणाला. "एकात दोन."

"हे राहू द्या तुमच्या फ्लेक्सला."

तिसरंही केसांचंच, पण शाई दाट. पुन्हा मिशी काढली. पाणी, मग हळद, मग तिने अंगठ्याने घासून बघितलं. मिशी जागची हलली नाही. माधुरीच्या तोंडावर समाधान दिसलं, तसा प्रणितने लगेच त्या पेनाचा भाव वाढवून सांगितला. तिने त्याच भावात वर एक रिफिल मागून घेतली आणि ती पिशवीत टाकूनच पाकीट काढलं.

रंगांची पाळी आली. साधे स्केचपेनचे रंग हळदीपुढे टिकलेच नाहीत. तेल लागताच चिखल. मग प्रणितने वरच्या फळीवरून चपट्या दांड्यांचे मार्कर काढले. झाकण उघडलं की इंजेक्शनाआधीच्या बोळ्यासारखा वास. रंग कागदावर पडायचा आणि पडताक्षणी वाळायचा. पाण्याला भीक घालत नव्हता, हळदीलाही नाही.

"वासाला जपून," प्रणित म्हणाला. "दिवसभर हुंगाल तर डुलत घरी जाल. तुमच्या बापाच्या गळ्यात माळ हाय. काय सांगाल?"

"सांगेन, प्रणित शेठनी पाजली. ह्यातले माणसाच्या अंगाचे रंग दाखवा."

त्याने 'स्किन' लिहिलेली पेटी उघडली. आत सहा मार्कर होते, सहाही गुलाबी; डुकराच्या कोवळ्या पिल्लापासून भाजलेल्या गोऱ्या साहेबापर्यंत.

"शेठ, ह्यातल्या एकाही रंगाचा माणूस अख्ख्या तालुक्यात दाखवा."

"माणसाला उजळ काढायचं असतं. गिऱ्हाइकाला तेच आवडतं."

"मला तुमच्यासारखा रंग पायजे," माधुरी म्हणाली आणि मार्करांच्या ढिगातून तपकिरी निवडून एकेक त्याच्या हाताजवळ धरू लागली. "हा नाय. हा पण नाय. आणखी गडद हाय का?"

प्रणितने हात काउंटरखाली घेतला.

शेवटी दोन तपकिरी, एक खाकी आणि मुंडाशासाठी एक लालभडक, असे मार्कर निघाले. कोंडूआजा लग्नाकार्याला लाल मुंडासं बांधायचा, हे अक्षयने तीनदा सांगितलं होतं. लाल मार्कर इतका भरलेला होता, की टेकवला तिथे थेंबच उभा राहायचा. माधुरीला तो फार आवडला.

पैसे घेताना प्रणितने मशीनवरच्या संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "बघून जा. हौसाआत्यांनी मला सांगितलंय."

पडद्यावर कोंडूआजाचं आधार कार्डावरचं भेदरलेलं डोकं होतं. खाली कोट, टाय, मागे बर्फाचे डोंगर.

"कोट कुणाचा?"

"कुणाचा का असेना. मागच्या महिन्यात एका सरपंचाच्या बापाला घातला होता. चांगला बसतो सगळ्या मेलेल्यांना. खुर्ची एक हाय, मॅडम. बघू कोण बसतो."

हळदीच्या दिवशी, उन्हं कलायच्या आधी, माधुरी चादरीत गुंडाळलेलं चित्र छातीशी धरून टोकावड्याला उतरली. मांडव भरला होता. स्पीकरवाले तारा जोडत होते, बायका पाट्यावर हळद वाटत होत्या, पुरुष घरामागे जाऊन येत होते आणि परत येताना जास्त मोठ्याने बोलत होते. मांडवाच्या मधोमध लाल प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर नवा टॉवेल. खुर्चीच्या डाव्या अंगाला प्रणित फ्लेक्सची चौकट घेऊन उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, जसा तोच नवरा.

माधुरीने चादर सोडली. दोन कोंडूआजे समोरासमोर आले. एक कोटात, घाबरलेला. दुसरा लाल मुंडाशातला, काळासावळा, गाल फुगवून, एक डोळा बारीक करून, आत्ता काहीतरी वाईट बोलणार असा. मांडवातली एक म्हातारी म्हणाली, "अगो बाय, आला मेला." चार जण हसले. हसले ते सगळे कोंडूला ओळखणारे होते.

हौसाआत्या हळदीचं ताट घेऊन आली. तिने दोघांकडे पाहिलं आणि कुणालाच पसंती दिली नाही.

"आधी शेठचा," ती म्हणाली आणि फ्लेक्सच्या कपाळाला बोटं टेकवली. हळद क्षणभर थांबली आणि प्लास्टिकवरून घसरत घसरत नाकावर, तिथून टायवर आली. आत्याने पुन्हा लावली. पुन्हा तेच. आता कोंडूआजा कोट घालून जेवताना सांडल्यासारखा दिसू लागला.

"घेत नाय हळद," मागून कुणीतरी म्हणालं.

"तेल जास्त झालंय तुमच्या हळदीत," प्रणित म्हणाला.

हे बोलायला नको होतं. मानाच्या हळदीत काय जास्त झालं नि काय कमी, हे मुरबाडच्या फ्लेक्सवाल्याने सांगावं? आत्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं. प्रणितने चौकट खाली ठेवली.

मग ती माधुरीच्या चित्राकडे वळली. बोटं भरून हळद घेतली आणि कपाळावर नुसती लावली नाही, दाबून फासली. भांडी घासतात तशी. मुंडाशाचा लाल हलला नाही. मिशी हलली नाही. पाण्याची बोटं झाली, कुंकू झालं, ओल्या अक्षता झाल्या. कपाळाला पिवळा टिळा बसला आणि कोंडूआजा हसतच राहिला.

"बसव," आत्या म्हणाली. तो शब्द तिने दात उपटून दिल्यासारखा दिला.

अक्षयने चित्र खुर्चीवर टेकवलं, झेंडूची माळ घातली. लोकांनी फोन वर धरले. माधुरीच्या मनात गोदामाचं दार लागलं.

आत्या मात्र जागची हलली नव्हती. तिला ज्या पोरीला मांडवाबाहेर काढायचं होतं, ती पोरगी भर मांडवात जिंकून उभी होती. "हळद काय, जात्यालापण लागते," ती म्हणाली. "लागली म्हणून जातं माझा बाप होत नाय. धोंडीकाका, आण ते."

धोंडी म्हणजे कोंडूचा धाकटा भाऊ. तो घरामागून काचेचा पेला घेऊन आला. आत पाण्यासारखं काहीतरी होतं. माधुरी निवांत होती. पाण्याची परीक्षा झालेली होती. तिच्या घरात लग्न म्हणजे भजन नि बुंदी. ह्या घरात पुरुषांनी पेला तोंडाला लावण्याआधी पहिली धार गेलेल्या माणसाला शिंपडतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिला विचारायचं सुचलं नव्हतं.

एरवी हे काम धोंडी करायचा, दोन थेंब बोटाने उडवून. आत्याने पेलाच हिसकावून घेतला.

"बाबा," ती चित्रासमोर उभी राहून खड्या आवाजात म्हणाली. स्पीकरवालेही थांबले. "हा खरा तू असशील, तर घे. नसशील, तर ह्या पोरीला तिचा पुठ्ठा घेऊन जाऊ दे."

आणि तिने पेला मुंडाशावर रिकामा केला.

वास माधुरीच्या नाकात आधी शिरला. इंजेक्शनचा बोळा, मार्करचं झाकण, तोच. मुंडाशाचा लाल रंग, जो पाण्याला, तेलाला, हळदीला बधला नव्हता, तो दारूला बघून भाऊ भेटल्यासारखा धावत सुटला. कपाळावरून खाली आला, डोळ्यांच्या पांढऱ्यात शिरला, नाकाच्या शेंड्यावर थांबला, दोन्ही गालांवर पसरला. काळी रेघ तेवढी जागच्या जागी. मिशी शाबूत, बारीक केलेला डोळा शाबूत. आणि त्या डोळ्यांत लाली.

मग धोंडी पुढे झुकला.

"प्याला," तो म्हणाला. "आयला, दादा प्याला."

"डोळे बघ, डोळे!"

"नाक बघ रे! तसंच लाल व्हायचं!"

एकच गलका उठला. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी शिट्या मारल्या. धोंडी रडत होता नि हसत होता. हौसाआत्या रिकामा पेला धरून उभी होती. पुढच्या क्षणाला घरामागून आणखी चार जण पेले घेऊन आले. दादाला माझी पण एक. माझी पण.

माधुरीने हिशेब केला: आणखी चार पेले आणि मुंडासं, गाल, टिळा सगळ्याचा एक लगदा. ती पुढे झाली आणि चित्र खुर्चीवरून उचललं.

"थांबा! नका ओतू. शाई सुटते ती. दारूनं सुटते."

एवढा वेळ तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आता सगळे पाहू लागले. बसलेल्या आजाला खुर्चीवरून उठवलं होतं, तेही परक्या गावच्या पोरीने.

"काय म्हणालीस?" धोंडीने विचारलं.

"मार्करची शाई असते, तिच्यात स्पिरिट असतं. दारू लागली की विरघळते. मला माहीत नव्हतं तुमच्यात दारू..."

"म्हंजे माझा भाऊ प्याला नाय?"

"काका, ते चित्र हाय."

"ते मघाशी बोलायचं होतंस, हळद लावताना," एक पेलेवाला म्हणाला. "तवा बरी गप होतीस."

"मी पहिल्यापासून सांगतोय, हलका माल," प्रणित मागून म्हणाला. धोंडीने त्याच्याकडे असं वळून पाहिलं, की तो चौकट काखेत मारून स्पीकरच्या आड गेला. खरं कुणी सांगावं आणि कधी, ह्याचा भाव त्या मांडवात फार पडला होता.

हौसाआत्याने माधुरीचं मनगट धरलं. "ठेव त्याला जागेवर." अक्षयने मध्ये तोंड घातलं, "आत्या, तिचं ऐक तरी," तर आत्या म्हणाली, "तू अंगाला हळद लावून बस जा. मधे मधे करू नको." माधुरीने चित्र ठेवलं. आत्याने मनगट सोडलं नाही. तशीच ओढत तिला मांडवाच्या बाहेर, गुरं बांधायच्या खुंट्यापर्यंत आणलं. मागे पेले रिकामे होऊ लागले होते.

"आत्या, खरंच सांगते, ती शाई..."

"मला येडी समजतंस?" आत्या हलक्या आवाजात म्हणाली. "नातवांच्या शर्टावरचे पेनाचे डाग मी दारूनंच काढते. वास आला तवाच मला कळलं."

"मग सांगत का नाय त्यांना?"

"काय सांगू? तीन गावांपुढं मी बापाला हाक मारली नि तो आला. आता त्याला परत धाडू? तुझ्या शाईपायी?" तिने मनगट झटकून टाकलं. "तुला बसवायचं होतं चित्र. बसलं. आता तू जा. परत ह्या दारात दिसलीस तर कुत्री सोडीन."

"चादर राहिली माझी आत."

आत्या आत गेली. थोड्या वेळाने चादर कुंपणावरून बाहेर आली, गोळा करून फेकलेली.

माधुरी माळशेज रस्त्याला लागली. संताप एवढा, की पायाखालची खडी तिला आत्याच्या दातांसारखी वाटत होती. चित्र बसलं होतं आणि चित्रकार रस्त्यावर होती. मांडवात जे फोन वर धरले होते त्यांत तिचं नाव कुठे येणार होतं? पण ते चित्राच्या कोपऱ्यात होतं, नंबरासकट, मिशीच्याच न सुटणाऱ्या शाईचं. तेवढं एक काम तिने नीट केलं होतं.

ढाब्यापाशी एसटीची वाट बघत ती उभी असताना फोन वाजला. नंबर अनोळखी.

"हॅलो, तो पिणारा आजा तुमीच काढला काय?" बाईचा आवाज होता, घाईतला. "व्हिडिओ आला आमच्या ग्रुपवर. आमी सरळगावचे. पोरीचं लग्न हाय. आमची आजी काढून पायजे. ती पण घ्यायची."

माधुरीने तोंड उघडलं. ती शाई असते, हे वाक्य जिभेवर तयार होतं. त्या वाक्याचे तिला मांडवात काय दाम मिळाले, तेही ताजं होतं. घाटाकडून येणारी एसटी वळणावर दिसली.

"ऐकताय ना?" बाई म्हणाली. "काढाल?"

"काढीन," माधुरी म्हणाली. "पण एक सांगा. आजीला चढली की डोळ्यांत उतरायची का गालांवर? त्याच्यावर रंग ठरेल."